आधी इस्त्रीच्या दुकानात

त्याला सगळे भोंगेमामा म्हणायचे. सख्खा भाचा एकही नव्हता, पण तीनचाकी गाडीच्या टपावर दोन भोंगे बांधून गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? गाद्यांचा सेल असो, पाणी बंद असो, कुणाचं लेकरू हरवलेलं असो, मामाची गाडी आली की लोक खिडकीत यायचे. आवाजच तसा होता. बायको म्हणायची, "यांना माईक दिला तो माईकवर दया म्हणून. यांना त्याची गरज नाही."

त्या दोघांची ओळखही या आवाजामुळेच झाली. ऐन विशीत असताना तो कुठल्याशा सर्कशीची जाहिरात करत एका खिडकीखाली थांबला होता. वर एक मुलगी आजारी आईजवळ बसली होती. ती तरातरा खाली आली, हातात शिवणकामाची कात्री, आणि म्हणाली, "आवाज कमी करा, नाहीतर वायर कापते." त्याने आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी तो त्याच खिडकीखालून गाडी बंद करून, ढकलत ढकलत गेला. तिने वरून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. पुढचं काही सांगायला नको.

मूलबाळ झालं नाही. काही वर्षं दोघांनी वाट पाहिली, मग पाहायचं सोडून दिलं. तिने नाल्याकडच्या गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला इस्त्रीचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक विजेची इस्त्री, भिंतीला घड्यांची फळी आणि दिवसभर बडबडणारा रेडिओ. तो दुपारी तिथेच जेवायला यायचा. जेवताना ती त्याला एक अक्षर बोलू द्यायची नाही. "दिवसभर सगळ्यांना ऐकवता ना? आता गप गिळा."

त्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं होतं आणि वारा म्हणाल तर अजिबात नव्हता. मामा मोठ्या रस्त्याने गाद्यांची जाहिरात करत चालला होता. "शेवटचे दोन दिवस! शेवटचे दोन दिवस!" हे शेवटचे दोन दिवस गेले चार महिने चालू होते. लोकही हसत होते, मामाही हसत होता.

वळणाजवळ आला तर समोरून एक जवान दोन्ही हात हलवत धावत येताना दिसला. अग्निशमन दलाचा होता. दांडगा गडी, भरघोस मिशा. आल्या आल्या त्याने गाडीच्या टपावर थाप मारली.

"गाडी बंद कर! माईक बंद! इथून पुढे एक इंच जायचं नाही!"

मामाने मान बाहेर काढली. वळणावर एक टँकर आडवा झाला होता. स्वयंपाकाच्या गॅसचा. पोटाला कुठेतरी फट पडली होती आणि तिथून फुस्स आवाज करत पांढरं धुकं बाहेर पडत होतं. पण ते धुकं वर जात नव्हतं. धूर कसा वर जातो. हे तर सांडलेल्या दुधासारखं जमिनीवरून पसरत होतं, रस्त्याच्या कडेने, गटाराच्या जाळीतून, उताराकडे. आणि तो वास. घरात शेगडीचं बटण चुकून उघडं राहिलं की येतो तोच, पण डोकं गरगरेल इतका.

दलाची एकच गाडी आली होती. दोघे जण पाण्याचा फवारा धरून ते धुकं रेटत होते, एक जण टँकरच्या फटीशी झटत होता, त्याचे हातमोजे गारठून पांढरे पडले होते. त्यांचे साहेब म्हणजे पन्नाशीचे, बारीक अंगाचे गृहस्थ. ते आले ते थेट मामाजवळ.

"तुला इथले लोक ओळखतात?"

"सगळे ओळखतात, साहेब. भोंग्यावरून सांगू का? दोन मिनिटांत सगळी वस्ती..."

"नाही!" साहेब जवळजवळ ओरडलेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नीट ऐक. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. पाण्यासारखा खाली जाणार, खोलगट जागेत साचणार. आता त्याला फक्त एक ठिणगी हवी आहे. गाडीची चालेल, बेलच्या बटणाची चालेल, दिव्याच्या बटणाची चालेल. तू पायी जायचं. तोंडाने सांगायचं. दार हाताने वाजवायचं. शेगडी पेटलेली असेल तर विझवायला लाव. बाकी विजेचं जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. नुसतं माणसांना बाहेर काढ. दुसऱ्या गाड्या निघाल्यात, पण त्यांना वेळ लागेल."

वळणापासून दोन गल्ल्या उतरत होत्या. एक शाळेची, एक नाल्याकडची. गॅसचा ओढा सरळसरळ नाल्याकडे होता. शाळेची गल्ली थोडी उंचावर. साहेबांनी ती मामाला दिली, कारण परक्या माणसाला ते आगीच्या तोंडात ढकलणार नव्हते. नाल्याकडची गल्ली मिशीवाल्याच्या वाट्याला आली. "वरून सुरुवात कर," साहेब त्याला म्हणाले, "लोकांना खाली पिटाळत जा आणि टोकाच्या चढावरच्या मैदानात बाहेर पड. मागे वळायचं नाही." एवढं बोलून ते टँकरकडे धावले.

वास येणार नाही इतकं मागे जाऊन मामाने बायकोला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. रेडिओ चालू असणार, फोन कपड्यांच्या ढिगाखाली असणार. नेहमीचंच होतं ते. रोज तो यावरून तिच्याशी भांडायचा.

मिशीवाला निघाला होता. मामाने धावत जाऊन त्याची बाही धरली.

"दादा, खाली अगदी टोकाला इस्त्रीचं दुकान आहे. माझी बायको आहे तिथे. साहेब मला तिकडे सोडणार नाहीत. फोन उचलत नाही. आधी तिच्याकडे जा."

"वरून सुरुवात करायची असते, मामा. ऐकलंत ना?"

"दादा, मला तिच्याशिवाय कोणी नाही. आधी तिला बाहेर काढ आणि मग वर ये. तुझ्या पाया पडतो."

आणि तो खरोखरच वाकला. मिशीवाल्याने त्याला मध्येच खांद्याला धरून उभं केलं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेबांची पाठ होती. मग मामाकडे पाहिलं. त्याच्या मनात काय आलं ते आता कोण सांगणार? "काय सांगू त्यांना?" एवढंच त्याने विचारलं.

"सांग, भोंग्याने पाठवलंय."

तो मागच्या पायवाटेने धावत खाली गेला. मामा शाळेच्या गल्लीत शिरला.

पहिलंच दुकान न्हाव्याचं. एक गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून बसलेलं. "बाहेर पडा! टँकर उलटलाय, गॅस सुटलाय, मैदानाकडे पळा!" मामा ओरडला. न्हाव्याने वस्तरा हातात तसाच ठेवून आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"का हो मामा, शेवटचे दोन दिवस का?"

गिऱ्हाईक फेसातल्या फेसात खदखदून हसलं.

पुढच्या घरात एका बाईने दार किलकिलं केलं. "मामा, गाद्या नकोत हो, मागच्या वेळी घेतली ती पण आतून गोळा झाली." तिने दार लावून घेतलं. त्याच्यापुढच्या जिन्यावर दोन पोरी बसल्या होत्या, त्यांनी त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखवली. वर गॅलरीतून कोणीतरी विचारलं, "मामा, भोंगा बिघडला वाटतं?" सगळी गल्ली हसली. मामा जितका जोरात ओरडायचा तितकी ती जाहिरात वाटायची. आयुष्यभर त्याने या आवाजात लोकांना हाका मारल्या होत्या, गाद्यांसाठी, भांड्यांसाठी, दात काढायच्या शिबिरांसाठी. आता खरं सांगायला त्याच्याकडे दुसरा आवाजच नव्हता.

तो परत न्हाव्याच्या दारात आला. त्याला दिसत होती ती नाल्याकडची गल्ली, तिच्या टोकाचं दुकान, आणि टेबलावर वाकलेली ती. त्याने दोन्ही हात जोडले. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. "मरशील रे," तो म्हणाला, इतक्या हळू की न्हाव्याला पुढे वाकावं लागलं. "खरंच मरशील. माझं ऐक."

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"अहो, मामा रडतायत," जिन्यावरची पोरगी म्हणाली.

बस. त्या एका वाक्याने गल्ली उठली. आधी गॅलऱ्या रिकाम्या झाल्या, मग जिने. कोणी लेकरांना काखोटीला मारलं, कोणी चपला न घालता निघालं. गिऱ्हाईक तोंडाला फेस असलेलंच पळालं. "बेल वाजवू नका, बटणांना हात लावू नका," मामा घोगऱ्या आवाजात सांगत होता आणि आता न्हावीच ते वाक्य पुढे पुढे ओरडत चालला होता. एका घराला बाहेरून कडी होती, आत कोणी नव्हतं. तिसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला, "मी माझ्या खुर्चीतून उठत नाही." दोघांनी त्याला खुर्चीसकट उचललं.

शेवटी राहिली ती बहिरी आजी. मामाला पाहून ती खुशीत आली. शेगडीवर तिने चहाचं आधण ठेवलं होतं. तिने त्याला बसायची खूण केली. मामाने बटण फिरवून शेगडी विझवली, तशी ती चिडली आणि त्याच्या हातावर पळी मारली. समजावत बसायला वेळ नव्हता. त्याने तिला पाठुंगळीला घेतलं. ती सगळ्या रस्ताभर त्याच्या टाळक्यात बुक्क्या घालत होती आणि "चोर, चोर" म्हणून ओरडत होती. मागून येणाऱ्या पोरी रडता रडता हसत होत्या.

गल्ली संपते तिथून मैदान चढावर जातं. आजीला खाली ठेवून मामा वळला. नाल्याच्या बाजूने माणसं येत होती, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चढत होती. इतक्या लांबून चेहरे ओळखू येईनात. तो पायाच्या चवड्यांवर उभा राहिला. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई दिसली. एक मुलगा सायकल हाताने ढकलत येताना दिसला.

आणि मग ते झालं.

धडाका असा झालाच नाही. एखादी प्रचंड चादर कोणी आभाळात झटकावी तसा धप्प आवाज झाला आणि नाल्याची सगळी गल्ली एका क्षणात उजळून निघाली, खालपासून वरपर्यंत. पिवळा उजेड गल्लीतून चढत वळणापर्यंत गेला, तिथे टँकरच्या फटीला जाऊन भिडला आणि तिथे एक मशाल उभी राहिली, घरांपेक्षा उंच, कानठळ्या बसवणारी. तोंडावर गरम झळ आली. आजीने मामाचा हात घट्ट धरला. तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं.

मामा गल्लीच्या दिशेने धावला. न्हाव्याने आणि त्या अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाने त्याला आडवं पाडून धरून ठेवलं. तो मातीत तोंड घालून तिच्या नावाने हंबरत होता. ज्या आवाजाची सगळे थट्टा करायचे, तो आवाज तिथल्या कोणालाही पुन्हा आयुष्यात ऐकावासा वाटला नाही.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. दुसऱ्या गाड्या आल्या. ती मशाल त्यांनी विझवलीच नाही. विझवली असती तर गॅस पुन्हा पसरला असता. टँकर तापून फुटू नये म्हणून ते त्याच्यावर पाणी मारत राहिले आणि आतला गॅस जळून संपायची वाट पाहत राहिले. साहेबांचे दोन्ही हात भाजले होते, तरी ते तिथून हलायला तयार नव्हते.

दुपार कलली तेव्हा कोणीतरी मामाच्या पाठीवर हात ठेवला.

"उठा. मातीत काय लोळताय?"

ती अनवाणी होती. केस पिंजारलेले, हातात कोणाचातरी एकच घडी केलेला शर्ट. मैदानाच्या पलीकडून मोठ्या रस्त्याला वळसा घालून ती त्याला शोधत चालत आली होती. तिच्या पायांना मिठी मारून तो बसला.

"अहो, पुरे," ती म्हणाली. मग तीच बोलत सुटली. "तो मिशीवाला आला होता. म्हणाला, बाई, तुमच्या नवऱ्याने पाठवलंय, भोंग्याने. पहिल्यांदा तुमच्याकडेच आलोय. मला वाटलं थट्टा करतोय. मी म्हटलं, थांब, इस्त्री बंद करते. तर ओरडला माझ्यावर, बटणाला हात लावू नका म्हणून. हाताला धरून ओढलंच त्याने मला. आणि मग वर पळाला, वरची घरं राहिलीत म्हणत." ती थांबली. "कुठाय हो तो? त्याला सांगायचं राहिलं."

मामाने वर पाहिलं. गल्लीच्या वरच्या तोंडाशी, वळणाजवळ, जिथे धुकं सर्वांत दाट होतं, तिथल्या एका घरातून मिशीवाल्याने एका आईला आणि तिच्या लेकरांना मागच्या भिंतीवरून पलीकडे उतरवलं होतं. त्या बाईने नंतर सांगितलं. शेवटचं लेकरू त्याने तिच्या हातात दिलं, आणि तो स्वतः भिंतीवर चढत असताना ते झालं.

तो लगेच गेला नाही. काही दिवस इस्पितळात होता, नखशिखान्त गुंडाळलेला. मामा रोज जायचा. आत सोडत नसत, म्हणून बाहेरच्या बाकावर बसायचा. त्याच बाकावर मिशीवाल्याची थोरली बहीण बसलेली असे. कपडे शिवणारी बाई, बोटांना सुयांची भोकं. आईबाप लवकर गेले, तिनेच त्याला वाढवलं होतं. ती मामाला वस्तीतला कोणी भला माणूस समजायची. आपल्या थर्मासमधला चहा द्यायची.

मामा तो कप नुसता हातात धरून बसायचा. एक दिवस त्याने कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वरून सुरुवात करायची होती. वरून केली असती तर तो त्या वेळेपर्यंत खाली पोचून मैदानात बाहेर पडला असता. मी त्याला खाली पाठवलं. माझ्या बायकोसाठी.

तिने तो कप उचलून आपल्याकडे घेतला.

"झालं सांगून?" तिने विचारलं. "आता तुम्हाला हलकं वाटेल. मी हे कुठे ठेवू?"

मामाने मान खाली घातली.

"त्याने ऐकलं का तुमचं? तो कोणाचं ऐकायचा नाही. माझं कधी ऐकलं नाही त्याने." मग तिने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "उद्यापासून येऊ नका. तुम्ही दिसलात की मला तुमच्या बायकोचा चेहरा कसा असेल ते डोळ्यांसमोर येतं."

दोन दिवसांनी तो गेला. अंत्ययात्रेला सगळी वस्ती होती. मामा आणि त्याची बायको सर्वांत मागे चालत होते. बहिणीने एकदा वळून पाहिलं. त्यांना ओळखलं की नाही, कळलं नाही.

चौकशी झाली. ठिणगी कुठे पडली ते नक्की सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. कोणी म्हणालं, त्या गल्लीतल्या एका बंद घरात फ्रीज चालू होता. कोणी म्हणालं, मोबाईल. मामाच्या बायकोने कोणाचंच ऐकलं नाही. तिच्या इस्त्रीला आपोआप चालू-बंद व्हायची कळ होती. तापली की टक करून बंद, थंडावली की टक करून चालू. तो आवाज वर्षानुवर्षं ऐकून तिच्या अंगात भिनला होता.

"तो टक माझाच होता," ती म्हणायची. "मी बंद करून आले असते तर?"

"बंद करतानाच पेटलं असतं. साहेबांनीच सांगितलं तसं."

"तेव्हा गॅस आला नव्हता तिथपर्यंत. बंद करून आले असते तर काही झालं नसतं."

बटणाच्या बाबतीत तो जवान नियमाने वागला होता. तिने त्याचं ऐकलं होतं. आणि तरी ती म्हणत होती त्यात कदाचित तथ्य असेल. मामाने एकदा साहेबांना गाठून विचारलंही. साहेबांच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. ते म्हणाले, "मला माहीत नाही. माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं."

दुकान पुन्हा उभं राहिलं नाही. गल्लीतली घरं लोकांनी हळूहळू डागडुजी करून घेतली. न्हावी भेटला की मामाच्या खांद्यावर हात ठेवायचा. शाळेच्या गल्लीतले लोक त्याला देवासारखं वागवायला लागले होते आणि तेच त्याला सोसवत नव्हतं. नाल्याच्या गल्लीतल्या त्या आईने एकदा आपल्या लेकरांना घेऊन त्याच्या घरी यायचं ठरवलं, तर हा दाराला कडी लावून आत बसून राहिला. बायको म्हणाली, "असं कसं करता? त्या बिचाऱ्यांची काय चूक?" त्याने मान हलवली, पण कडी काढली नाही.

एका सकाळी ती खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. त्या दिवशी दुकानातून हातात आलेला तो शर्ट कोणी न्यायला आलं नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला होता. पुष्कळ दिवसांत दोघं धड बोलले नव्हते. सुई ओढता ओढता, मान वर न करता तिने विचारलं,

"एक विचारू? खरं सांगाल?"

"हं."

"पुढचं सगळं तुम्हाला आधीच माहीत असतं. तो मरणार हेसुद्धा. तरी त्याला माझ्याकडेच पाठवलं असतंत?"

बाहेर कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. मामाने डोळे मिटले. त्या बहिणीचा चेहरा त्याच्यासमोर आला, सुयांची भोकं पडलेली तिची बोटं आली, थर्मासचं ते झाकण आलं. खोटं बोलायचं त्याने मनाशी ठरवलं आणि त्याला ते जमलं नाही.

"हो," तो म्हणाला.

तिची सुई थांबली. ती रडली नाही, रागावलीही नाही. एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने शर्ट बाजूला ठेवला, त्याच्याशेजारी येऊन भिंतीला टेकून बसली आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दोघांपैकी कोणाचाच हात गरम नव्हता.